पैठणी विणणाऱ्या हातांचं शूटिंग: फोन-कॅमेऱ्यासाठी आर्म कोणता घ्यावा, आणि तो कशाला पकडवावा?

गोदाकाठची

नमस्कार मंडळी,

माझी आत्या पैठणला घरीच पैठणी विणते. खड्ड्याचा माग, माळवदाची खोली, एका बाजूला खिडकी. घरातल्या पुढच्या पिढीत कुणी मागावर बसत नाही. मी नोकरीसाठी संभाजीनगरला असते. पदरात मुनिया (पोपटाची नक्षी) आणि मोर भरताना आत्या रंगीत धाग्यांच्या कांड्या कशा फिरवते, ताण्याचे, म्हणजे उभे, किती धागे मोजून उचलते, दोन रंगांचे बाणे, म्हणजे आडवे धागे, एकमेकांत कुठे अडकवते, हे सगळं नीट दिसेल असं चित्रीकरण करायचं आहे. उद्या कुणाला शिकायचं असेल तर ते बघून त्याची बोटं चालली पाहिजेत, इतकं स्पष्ट हवं. घरात नुसती आठवण म्हणून ठेवायला करत नाहीये.

ट्रायपॉड बसत नाही. समोर ताणा पसरलेला, दोन्ही बाजूंना मागाची चौकट, आणि उरलेल्या जागेत पाय रोवले की आत्याच्या कोपरांना लागतात. तिला थांबवून, बाजूला सरकवून शूटिंग करायचं नाही. ऑर्डरचं काम आहे आणि ते आधी. म्हणून वरून खाली बघणारा आर्म, म्हणजे कॅमेरा धरणारा दांडा, हवाय.

माझ्याकडे फोन आहे (कव्हरसह २०० ग्रॅमच्या आसपास) आणि चुलतभावाचा कॅनन २००डी मार्क टू, १८-५५ लेन्ससह मिळू शकतो. ऑनलाइन बघितलं तर वाकणारी लवचीक नळी, मॅजिक आर्म, स्प्रिंगवाला माइकचा आर्म असे ढीगभर प्रकार दिसतात आणि सगळ्यांवर ‘मजबूत’ लिहिलेलं. दोन-तीन हजारांत बसवायचं आहे. यातलं काय घ्यावं? आणि मागाच्याच लाकडी चौकटीला पकडवलं तर चालेल का? तीच सगळ्यात जवळ आहे.

---

टूलरूम_वाळूज

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी. मागाच्या चौकटीला नको. बाणा घट्ट बसवायला फणी ठोकली की तो दणका चौकटीत जातो, तिथून क्लँपमध्ये, तिथून आर्मच्या टोकाला, आणि टोकाला तो वाढलेला असतो. माझं मत असं आहे की आर्म कोणता हा दुसरा प्रश्न. तो कशाला पकडवणार हा पहिला.

मी वाळूज एमआयडीसीत टूलरूमला आहे. आमच्या टेबलांवर असे आर्म रोज असतात, डायल गेज (बारीक मापं घेणारं घड्याळासारखं यंत्र) धरायला. इस्राएलची नोगा कंपनी मूळची आमच्याच धंद्यासाठी असे आर्म बनवणारी. कॅमेरावाले ते नंतर वापरायला लागले. त्यामुळे आतलं काम सांगतो, म्हणजे विकत घेताना काय तपासायचं ते कळेल.

मॅजिक आर्म म्हणजे दोन दांड्या, मधे कोपर, दोन्ही टोकांना गोळा. मधलं चाक आवळलं की आतली पाचर दोन्ही दांड्यांमधल्या सळया बाहेर ढकलते. त्या सळया टोकाच्या गोळ्यांवर दाबतात. म्हणजे एका चाकात तीन सांधे घट्ट होतात. पकड सगळी घर्षणाची आहे, कुठेही दाते नाहीत. यातून तीन गोष्टी निघतात.

चाक सैल केलं की तिन्ही सांधे एकदम सुटतात. म्हणून आधी कॅमेऱ्याला हात द्यायचा, मगच चाकाला हात लावायचा. घरातल्या प्रत्येकाला हे सांगून ठेवा, कारण चाक दिसलं की लेकरं फिरवतातच.

गोळ्याला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नका. घर्षणच गेलं तर आर्म कामाचा राहत नाही. धूळ बसली तर ब्रशने झाडा आणि कोरड्या फडक्याने पुसा. आपल्या काळ्या मातीची बारीक धूळ त्या फटीत लवकर जाते.

तिसरी गोष्ट वजनाची. पाकिटावर ३ किलो लिहिलेलं असतं, ते आर्म कसा धरला असताना हे लिहिलेलं नसतं. भरलेली कळशी कमरेवर घेणं आणि हात लांब करून पुढे धरणं यात जो फरक, तोच इथे. हिशोब वजन गुणिले अंतर असा करायचा. तुमचा कॅमेरा ४४९ ग्रॅम, लेन्स २१५, दोन्ही मिळून ६६४ ग्रॅम. ११ इंची आर्म म्हणजे २८ सें.मी. तो आडवा पूर्ण लांब केला तर मुळाशी १८.६ किलो-सेंटिमीटरचा भार. फोन आणि त्याची पकड मिळून २७० ग्रॅम धरले तर तेवढ्याच लांबीला साडेसात. आणि तोच फोन ७ इंची आर्मवर, म्हणजे १८ सें.मी.वर, पाचच्याही खाली. म्हणून जितका आखूड आर्म पुरेल तितका आखूड घ्या, आणि पोहोच कमी पडली तर आर्म ज्या पाइपला पकडवाल तो लांब घ्या. पाइपला सांधा नसतो, तो घसरत नाही.

लवचीक नळी या कामाला घेऊ नका. स्पर्श झाला की ती बराच वेळ डुलत राहते.

---

क्लिक_नांदेड

टूलरूम दादांच्या हिशोबाला +१. मी लग्नाचं काम करतो, त्यामुळे आर्म आणि क्लँप रोजच्या पिशवीत.

एक भर. आर्मच्या टोकाला जो स्क्रू असतो तो बहुतेक पाव इंची, इंचाला २० आटे. कॅमेऱ्याच्या तळाला हेच भोक असतं. मोठ्या सामानाला ३/८ इंची, इंचाला १६ आटे. दोन्ही एकमेकांत जाणारी छोटी पितळी चकती मिळते, ती दोन-तीन घेऊन ठेवा. माइकच्या आर्मवर मात्र बऱ्याचदा ५/८ इंची, इंचाला २७ आटे असतात. तो स्वस्तात मिळाला म्हणून घेतला तर आणखी एक अडॅप्टर लागेल. शिवाय स्प्रिंगवाल्या आर्मची स्प्रिंग जड माइकसाठी ताणलेली असते. हलका फोन लावला की तो आपोआप वर चढतो.

आता जे कुणी सांगत नाही ते. हा स्क्रू एकटा असतो, त्याला फिरण्यापासून अडवणारं काही नसतं. कॅमेरा बाजूला लोंबत असेल आणि त्याचं वजन स्क्रू उघडण्याच्या दिशेने पडत असेल, तर तो हळूहळू सुटतो. कॅमेरा अशा बाजूला लटकवा की वजनाने स्क्रू आणखी आवळला जाईल. उभं राहून नुसतं बघितलं तरी कळतं कुठली बाजू ती. काही आर्मना स्क्रूशेजारी दोन छोट्या पिना असतात, त्या असतील तर हा प्रश्नच नाही, पण कॅमेऱ्याच्या किंवा त्याभोवती बसवायच्या धातूच्या पिंजऱ्याच्या बाजूलाही त्यांची भोकं लागतात. साध्या फोन-पकडीला ती नसतात.

पण माझं मत थोडं वेगळं. ताई, तुम्ही आर्म घेऊच नका. लाइट स्टँड घ्या, त्यावर आडवी दांडी, मागे वाळूची पिशवी. लग्नात वरून शॉट लागला तर आम्ही हेच लावतो.

---

टूलरूम_वाळूज

@क्लिक_नांदेड, मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये ठीक. दहा बाय बाराच्या खोलीत लाइट स्टँडचे तीन पाय ट्रायपॉडइतकीच जागा खातात, आणि ताईंचा मूळ अडथळा तोच आहे. शिवाय हलका स्टँड, डोक्यावर दांडी, खाली माणूस काम करतंय. मला ते पटत नाही.

---

क्लिक_नांदेड

पायांचा मुद्दा मान्य. पण मग आर्म पकडवणार कशाला? भिंत मातीची असणार, आणि चौकट तुम्हीच नाकारली.

---

गोदाकाठची

दोघांचे आभार. काल पैठणला गेले होते तेव्हा मैत्रिणीचा क्लँप आणि ११ इंची आर्म नेला. चौकटीला लावून बघितलं. टूलरूम दादा म्हणाले तसंच: फणीच्या प्रत्येक ठोक्याला चित्र थरथरतं, आणि फोनचं स्थिरीकरण चालू असेल तर आणखी विचित्र, कडा पाण्यासारख्या हलतात. स्थिरीकरण बंद केल्यावर ते पाणी गेलं, थरथर राहिली.

भिंत मातीची, अगदी बरोबर. वर लाकडी तुळई आहे, पण ती इतकी जाड की कुठलाच क्लँप मावणार नाही. त्यात स्क्रूने पट्टी मारता येईल, पण माळवदाची माती वरून थोडी थोडी झरते. लेन्सवर पडेल ही भीती.

---

सप्ताहवाला_बीड

आम्ही गावच्या सप्ताहाचं कीर्तन रेकॉर्ड करतो. तीन वर्षांपासून... असो, ते मोजत बसत नाही. मंडपाच्या खांबाला क्लँप, त्यावर आर्म, त्यावर फोन. त्यातून कळलेलं सांगतो.

क्लँपला आर्मपेक्षा जास्त पैसे द्या. खेकड्यासारखा दिसणारा छोटा क्लँप पाइपला चांगला, पण चौकोनी लाकडाला किंवा फळीला कमी पडतो. मॅनफ्रोटोचा सुपर क्लँप १३ ते ५५ मिमीपर्यंत धरतो आणि १५ किलो पेलतो. त्याच घडणीचे स्वस्त क्लँपही मिळतात. फळीला लावायचा असेल तर सोबतची पाचर घालावी लागते, नाहीतर गोल जबडा सपाट जागेवर फक्त एका रेषेत टेकतो.

बांबूला लावताना जपून. फार आवळला तर बांबू उभा तडकतो, कमी आवळला तर क्लँप गोल फिरतो. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांबूवर गुंडाळा आणि मग आवळा, दोन्ही अडचणी जातात. लोखंडी पाइपच्या रंगावरही हीच ट्यूब चालते.

स्पीकरचा खांब आणि फोनचा खांब एक ठेवू नका. पखवाज आणि टाळ सुरू झाले की अख्खा खांब थरथरतो. हे तुमच्या फणीसारखंच झालं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. जिथे खाली माणूस बसलंय तिथे दुसरी दोरी हवीच. फोन-पकडीला किंवा कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीला नायलॉनची दोरी बांधायची आणि तिचं दुसरं टोक आर्मला नाही, खांबाला. आर्मच सुटला तर? दोरी इतकी आखूड की सुटलेली वस्तू खाली बसलेल्या माणसाच्या डोक्यापर्यंत पोहोचणार नाही. आमच्या मंडपात या दोरीशिवाय कुणाला काही लटकवू देत नाही.

---

मोसंबी_जालना

धागा मस्त चाललाय. मधे घुसतो, माफ करा. मी ट्रॅक्टरच्या मडगार्डला असाच आर्म लावून नांगरटीचे व्हिडिओ काढायलो. आता फोनचा कॅमेरा फोकसच धरत नाही, कडकड आवाज येतो. कामून होत असंल? आर्म तर एकदम घट्ट आहे.

---

टूलरूम_वाळूज

भाऊ, आर्म घट्ट आहे म्हणूनच. इंजिनाचं सगळं कंपन त्याने जसंच्या तसं फोनपर्यंत नेलं. हल्लीच्या बऱ्याच फोनच्या लेन्समध्ये हाताची थरथर शोषायला बारीक हलणारी यंत्रणा असते. ॲपलने २०२१ मध्ये जाहीरच केलं की मोटरसायकलच्या ताकदवान इंजिनासारखं जोरकस कंपन सतत बसलं तर ही यंत्रणा आणि ऑटोफोकस बिघडू शकतात. ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन त्याहून सौम्य नाही. कडकड आवाज येतोय म्हणजे सर्व्हिस सेंटरला दाखवा.

पुढे ट्रॅक्टरवर लावायचाच असेल तर ज्याला अशी हलणारी लेन्स नाही असा जुना फोन, नाहीतर ॲक्शन कॅमेरा. आर्म काढून टाका, थेट छोट्या क्लँपवर. त्याहून बरं म्हणजे बांधावर ट्रायपॉड. नांगराचा फाळ माती कशी उलटतो ते ट्रॅक्टरवरून दिसतच नाही, बाजूने दिसतं.

---

मोसंबी_जालना

दाखवतो. बांधावरचं पटलं.

---

मास्तर_लातूर

मी गणिताचे तास वहीवर वरून फोन धरून रेकॉर्ड करतो, दहावीच्या मुलांसाठी. पकडवण्याबद्दल वर छान चर्चा झाली आहे, म्हणून मी पकडल्यानंतरचं लिहितो. ताईंना ‘बघून बोटं चालली पाहिजेत’ असं हवं आहे, तेव्हा माझ्या दृष्टीने खरं काम इथे आहे.

कॅमेरा आत्याबाईंच्या समोरून लावू नका. समोरून घेतलं की त्यांचा उजवा हात शिकणाऱ्याला डावीकडे दिसतो, आणि प्रत्येक हालचाल त्याला मनात उलटवावी लागते. वहीवर मी हेच शिकलो: मुलाला जणू स्वतःचेच हात दिसले पाहिजेत. म्हणून कॅमेरा त्यांच्या खांद्याच्या मागून, थोडा वरून, खाली पुढे बघणारा. उजव्या हाताने काम करत असतील तर डाव्या खांद्यावरून, म्हणजे उजवा दंड मधे येणार नाही. पण पैठणीत दोन्ही हात सारखेच चालतात का, हे मला माहीत नाही. ते आत्याबाईंनाच विचारा. त्या सांगतील तो कोन बरोबर.

फोन सरळ जमिनीकडे बघत असला की त्याला आडवं-उभं कळत नाही. रेकॉर्डिंग सुरू करताना तो जी दिशा धरेल तीच शेवटपर्यंत राहते. म्हणून आधी फोन आडवा करून समोर सरळ धरा, चित्र आडवं झालंय ना बघा, फिरण्याचं लॉक लावा, मग खाली वळवा. आणि मधोमध फोन आणू नका, लेन्स आणा. लेन्स फोनच्या एका टोकाला असते, त्यामुळे फोन मधोमध दिसला तरी चित्र एका बाजूला सरकलेलं असतं.

०.५ची रुंद लेन्स वापरू नका. कडा वाकतात, सरळ काठ वाकडा दिसतो आणि आर्मसुद्धा चित्रात येतो. फोनला दुप्पट झूमची वेगळी लेन्स असेल तर ती घ्या आणि फोन थोडा लांब ठेवा. लांब ठेवल्याने आत्याबाईंच्या डोक्यालाही लागणार नाही.

सुरू करताना बटणाला हात लावला की सगळं हलतं. वायरच्या इअरफोनचं आवाजाचं बटण बऱ्याच फोनमध्ये रेकॉर्डिंग सुरू-बंद करतं, नाहीतर छोटं ब्लूटूथ रिमोट घ्या. विमान मोड चालू ठेवा. मधेच फोन आला तर रेकॉर्डिंग थांबतं. आणि फोन-पकडीचे जबडे बाजूच्या बटणांवर येत नाहीत ना तेही बघा.

---

शेंगाचटणी_परभणी

मास्तरांचं लेन्स मधोमध आणायचं अगदी खरं. मी धपाट्यांचे आणि येसराचे व्हिडिओ करते. प्रकाशाचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. आर्म खिडकीच्या बाजूने आला तर त्याची सावली नेमकी हातांवर पडते. खिडकीच्या विरुद्ध बाजूने आणावा. ट्यूबलाइटखाली चित्रात काळे पट्टे वर-खाली सरकत असतील तर शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवावं. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने ते पट्टे जातात.

---

क्लिक_नांदेड

काकू, बरोबर. पैठणीसाठी आणखी एक, जरीचं. फणी मागे-पुढे झाली की जरीवरची चमक बदलते आणि फोन दर वेळी उजेड कमी-जास्त करत बसतो. स्क्रीनवर पदराच्या भागावर बोट दाबून धरा, फोकस आणि उजेड दोन्ही कुलूपबंद होतात. बारीक धाग्यांवर चित्रात लाटा लाटा दिसल्या तर अंतर किंवा कोन थोडा बदला, लाटा जातील.

२००डी मार्क टू वापरणार असाल तर त्याचा पडदा बाहेर वळतो, वरून लावल्यावर खालून बघायला ते फार सोयीचं. पण तो २९ मिनिटे ५९ सेकंदांनंतर रेकॉर्डिंग थांबवतो. आत्याबाई कामाच्या ओघात असतील आणि तुम्ही बाहेर असाल तर कळणारही नाही. मी असतो तर वरून फोन आणि बाजूने कॅमेरा असं ठेवलं असतं. जड वस्तू ट्रायपॉडवर दाराजवळ, हलकी डोक्यावर.

---

टूलरूम_वाळूज

पकडवायचं कशाला, या नांदेडकरांच्या प्रश्नावर विचार केला. जमिनीला. पण आपलं स्वतःचं वजन असलेल्या बुडातून.

१५ किलो तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा घ्या. मधे उभा जीआय (जस्त चढवलेला लोखंडी) पाइप धरून डबा काँक्रीटने भरा. पूर्ण भरला तर वजन ३५-४० किलोपर्यंत जातं, अर्धा भरला तर निम्मं; तुम्हाला हलवता यावा म्हणून अर्धा भरून वरून वाळूची पिशवी ठेवा. बूड जेमतेम वीतभर रुंद, म्हणून आत्याबाईंच्या मागे एका कोपऱ्यात बसेल, पाय पसरणार नाहीत. खड्ड्याच्या काठापासून जरा दूर, शहाबादी फरशीवर ठेवा आणि खाली रबराची चटई टाका, म्हणजे फणीचा दणका जमिनीतून जो थोडाफार येतो तोही कमी होईल.

पाइप एक इंची घेतला तर बाहेरून जवळपास ३४ मिमी भरतो, पाऊण इंची जवळपास २७. दोन्ही सुपर क्लँपमध्ये आरामात बसतात. उभ्या पाइपच्या वरच्या टोकाला आडवा पाइप जोडा, त्या आडव्या पाइपच्या टोकाला क्लँप, क्लँपवर ७ इंची आर्म, त्यावर फोन. आर्मने फक्त शेवटचा कोन साधायचा, पोहोच पाइपची. नळवाल्याच्या दुकानात सगळं मिळेल.

आमच्याकडचा चुंबकाचा स्टँड सुचवणार होतो. पण त्याला जाड, स्वच्छ लोखंड लागतं. पातळ रंगवलेल्या पत्र्यावर तो जाहिरातीच्या निम्म्यानेही धरत नाही, आणि फोनच्या कॅमेऱ्याजवळ चुंबक नकोच. शिवाय डायल गेजच्या छोट्या आर्मला कॅमेऱ्याचं वजन पेलत नाही. त्यांचे आटेही बहुतेक मिलिमीटरच्या मापाचे, एम६, एम८ असतात, पाव इंची नसतात. तेव्हा कुणी कारखान्यातून आणून दिला तरी घेऊ नका.

---

सप्ताहवाला_बीड

डब्याची कल्पना उत्तम. दोरी विसरू नका. आणि आडव्या पाइपच्या उघड्या टोकाला टोपी किंवा जाड फडकं लावा. उठताना डोकं लागतं.

---

गोदाकाठची

केलं! डबा गावातल्याच गवंड्याकडून भरून घेतला. सुपर क्लँपच्या घडणीचा साधा क्लँप, ७ इंची आर्म आणि स्क्रूने आवळायची फोन-पकड घेतली (स्प्रिंगवालीतून कव्हर निसटत होतं). सगळं बजेटात बसलं. आता फणी ठोकली तरी चित्र हलत नाही. स्थिरीकरण बंद, फोकस आणि उजेड कुलूपबंद.

मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे कोन आत्याला विचारला आणि इथे मला वाटलं नव्हतं असं झालं. मी डाव्या खांद्यावरून लावला होता. फोनचं चित्र तिला दाखवलं तर म्हणाली, “अगं, ह्यात माझी बोटं दिसतात, धागा कुठून उचलला ते दिसत नाही.” ताण्याखाली नक्षीचा कागद असतो. ती आधी कागदाकडे बघते, मग धागे मोजते, मग कांडी घालते. माझ्या चित्रात कागद तिच्या मनगटाखाली जात होता. तिने स्वतः फोन वर आणि थोडा उजवीकडे सरकवायला लावला, जवळजवळ सरळ वरून. मग हात, कागद आणि विणलेला काठ तिन्ही एका चौकटीत आले. आर्म आखूड असला तरी गोळ्यामुळे एवढा बदल एका हाताने झाला, पाइप हलवावा लागला नाही. (चाक सैल करण्याआधी फोन धरला होता!)

आता ती विणताना मोजलेले धागे मोठ्याने म्हणते. मी सांगितलं नव्हतं. आवाजासाठी शर्टाला लावायचा छोटा माइक तिच्या पदराला लावला आहे, कारण फोन वर असल्याने फणीच त्यात जास्त ऐकू येत होती.

बाजूच्या कोनासाठी कॅमेरा दाराजवळ ट्रायपॉडवर, नांदेडकर म्हणाले तसा. दोन्ही चित्रं नंतर जुळवायला सुरुवातीला एक टाळी वाजवते.

एक अडचण उरली आहे. उभ्या आणि आडव्या पाइपच्या जोडाला मी एल्बो लावला. आत्या उठताना तिचा हात आडव्या पाइपला लागला की तो थोडा गोल फिरतो, आणि मग कोन पुन्हा लावावा लागतो. वेल्डिंग करून टाकू का?

---

मास्तर_लातूर

धागे मोठ्याने मोजणं ही फार मोठी गोष्ट आहे, ताई. ते कुठेही कापू नका, संपादन करतानासुद्धा. आणि प्रत्येक नक्षीची वेगळी फाइल ठेवा, नावात नक्षी आणि काठाचा भाग लिहा: ‘मुनिया, डावा काठ, सुरुवात’ असं. शिकणारा चार तासांची फाइल उघडत नाही, त्याला अडलेला तुकडा हवा असतो. एक प्रत फोनबाहेर, दुसरी प्रत दुसऱ्या घरात.

---

मोसंबी_जालना

ताई, धागे मोजताना आत्या कुठल्या चालीत म्हणतात ते ऐकायचंय. टाका इथं.

---

टूलरूम_वाळूज

वेल्डिंग नको. नंतर उंची बदलायची झाली तर अख्खा डबा बाद होईल, आणि जीआयच्या जस्ताचा धूर वेल्डिंगवाल्याच्या छातीला वाईट.

एल्बो काढून टी लावा. उभा पाइप एक इंची, आडवा पाऊण, तसा कमी-जास्त तोंडांचा टी मिळतो. टीच्या मागच्या तोंडाला हातभर पाऊण इंची पाइप आणि त्याला वाळूची छोटी पिशवी. पुढच्या-मागच्या वजनाचा तोल जमला की उभ्या पाइपवर वाक येत नाही. आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळू नका, ती आटे निसरडे करते. कोरडेच पान्याने पूर्ण आवळा. आवळून झाल्यावर टी आणि उभा पाइप यांच्यातून आरपार ६ मिमीचं एक भोक पाडून घ्या आणि त्यात नटबोल्ट टाका. मग हात लागला तरी फिरणार नाही, आणि उद्या काढायचा झाला तर बोल्ट काढला की मोकळा. ड्रिल तुमच्याकडे नसेल तर नळवाल्यालाच घरी बोलवा, उभा पाइप डब्यात पक्का असल्याने तो दुकानात नेता येणार नाही; फक्त दोन्ही पाइप आधी लावून आडव्याची दिशा पेनाने खूण करून ठेवा.